घरचं वेगळं, बाजाराचं वेगळं

आण्णा,

तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं झाली, तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही. आज वाटतंय, तेही आठवण दाटून आली म्हणून वगैरे नाही. शिसारी आलीय म्हणून लिहायला बसले. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराची आलीय, तुमची आलीय आणि माझीही आलीय. कुणाची जास्त ते अजून ठरत नाही.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एप्रिलमध्ये एक जर्मन कुटुंब भाड्यानं आलं. नवरा इंजिनिअर, इथल्या एका फाउंड्रीत नवी मशिनं बसवायला दोन वर्षांसाठी आलाय. बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा उपयोग झाला तो हा असा, निवृत्त झाल्यावर, भाडेकरूंशी बोलायला. टेम्पोतून सामान उतरत होतं, ऊन मी म्हणत होतं, तिघंही लालबुंद झाली होती. मी रीतीप्रमाणे गूळ आणि पाणी घेऊन दारात गेले. उन्हातून आलेल्या माणसापुढं आपण दुसरं काय ठेवतो? पोरीनं खडा उचलला, तेवढ्यात आईनं तिचं मनगट धरलं आणि मला विचारलं, "यात काय काय असतं?" मला ते लागलंच. गुळात काय असतं म्हणून विचारायचं, तेही कोल्हापुरात! मी म्हटलं, "माझे वडील गुळव्या होते, बिनधास्त खा." मग गुळव्या म्हणजे काय ते सांगितलं. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडून, त्याची गोळी दोन बोटांत दाबून, गूळ झाला की नाही ते ठरवणारा माणूस. त्याच्या शब्दाशिवाय काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, खाली उतरत नाही. दहा गावांची गुऱ्हाळं तुमची वाट बघायची हेही सांगितलं. तुमचं एवढं कौतुक मी तुमच्या दहाव्यालासुद्धा केलं नव्हतं. आईनं मनगट सोडलं. पोरीनं दोन खडे खाल्ले आणि तिसरा मागितला, तोही मी दिला.

तासाभरात पोरीला धाप लागली. छाती वर-खाली, ओठ निळसर, आणि ती आई अनोळखी गावात अनोळखी रस्त्यावर तिला कडेवर घेऊन उभी. मी रिक्षा थांबवली, शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लावल्यावर अर्ध्या तासानं पोरगी सावरली. मग आईनं मला सांगितलं, की सुक्या मेव्याचा रंग उजळ राहावा म्हणून गंधकाचं एक रसायन वापरतात, ते पोटात गेलं की हिची छाती बंद होते. त्यांच्याकडं ते पाकिटावर छापावंच लागतं, म्हणून ती ठरलेल्या एकाच दुकानातून सगळं आणायची, डोळे मिटून. तिला वाटलं, प्रवासात घेतलेल्या जर्दाळूंनी हे केलं. घरी आल्यावर तिनं जर्दाळूंचं पाकीट रागारागानं फेकून दिलं. कचऱ्याची पिशवी तिच्यापुढं मीच उघडून धरली होती.

गूळ माझ्या ध्यानात आला नाही असं नाही, आण्णा. मी तो येऊ दिला नाही.

मी दहा वर्षांची असेन. गुऱ्हाळावर तुमचा डबा घेऊन आलेय. चुलवाणात चिपाडं धडधडतायत, मळीचा आंबूस वास सगळीकडं आहे, आणि तुम्ही काहिलीच्या काठाशी उभे, अंगावर फक्त धोतर, छातीवर घाम. भेंडीचं पाणी घालून, मळी काढून झालीय. मग तुम्ही कोपऱ्यातल्या डब्यातली पांढरी पावडर मूठभर घेता आणि रसावर फेकता. नाकाला झोंबणारा वास सुटतो, मी शिंकते, आणि डोळ्यांदेखत तो तांबूस-काळा रस पिवळाधमक होतो. मला वाटायचं माझे वडील जादूगार आहेत. निवलेल्या ढेपेचा एक कोपरा मी मोडून घेतला आणि तोंडात घालणार, तेवढ्यात तुम्ही हातावर अशी चापट मारलीत की खडा राखेत पडला. "त्यातलं खाऊ नगंस! ते बाजाराचं हाय. आपलं घरचं येगळं हाय की." मी किती तरी दिवस समजत होते, की मालकाच्या मालाला हात लावला म्हणून मार बसला. माझे वडील किती इमानदार, असंसुद्धा वाटायचं. हंगाम संपताना तुम्ही एक काहील बिनपावडरीची काढायचात आणि तो काळा, चिकट गूळ फडक्यात बांधून घरी आणायचात. आम्हा भावंडांना वाटायचं, गरिबाच्या वाट्याला काळाच येतो. आई पोळीला तोच वापरायची, आणि शेजारणी पिवळ्या गुळाच्या पोळ्या करायच्या म्हणून मी रुसायची.

अकरावीत रसायनशास्त्राच्या बाईंनी रंग घालवणाऱ्या गंधकाच्या रसायनांचा धडा शिकवला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. घरी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही जेवत होतात. मान वर न करता म्हणालात, "यापारी पिवळं मागतोय. काळी ढेप नेली तर पायानं उलथून बघतोय आणि म्हागारी धाडतोय." मी म्हटलं, पण लोक खातात ना ते? तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलात आणि म्हणालात, "आपुन खातो व्हय? मग झालं की." आई हसली. मीही हसले असेन. त्या वेळी किळस आली नाही, उलट बरं वाटलं, की आपला बाप आपल्याला जपतो. आपुन म्हणजे किती जण, हे तेव्हा मोजावंसं वाटलं नाही.

तर ही बाई. दवाखान्यातून आल्यावर तिनं ध्यासच घेतला. तिच्या गावात होतं तसं दुकान इथं कुठं आहे? जिथं सगळं स्वच्छ, तपासलेलं आणि पाकिटावर खरं लिहिलेलं असतं, असं. पहिल्यांदा मला हसू आलं. समोर म्हैस पिळून फेसाळतं दूध प्यायला देणारं हे गाव, इथं हिला तब्येतीचं सुपरमार्केट हवं! पण मनात काटा होता, म्हणून मी तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि दोन आठवडे सगळं शहर पालथं घातलं. ती पाकीट उलटंपालटं करून बघायची आणि मी विचारायची, यात काय घालता? उत्तर सगळीकडं एकच. "कायबी नसतंय ओ बाई, एकदम प्युअर हाय." एकानं तर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून मलाच विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं? एवढी का चौकशी करत्यात? अन्नभेसळवालं न्हाईत न्हवं?" आणि स्वतःच खो खो हसला. मलाही हसावं लागलं. तिनं मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, स्वागत आहे म्हणाले.

मग परवा ते नवं दुकान सापडलं. राजारामपुरीत, एका क्लासच्या खाली. काच, एसी, आत बांबूची कपाटं, भिंतीला कोनाडे पाडून त्यात कंदील टांगलेले, दारात शेणानं सारवल्यासारखा रंग दिलेला. शेणाचा रंग, वास मात्र लव्हेंडरचा. नाचणीची बिस्किटं, लाकडी घाण्याचं तेल, आणि प्रत्येक पाकिटावर आजी, आई, गाव, माती यांपैकी एक शब्द. बाई हरखूनच गेली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खोटं सांगत नाही. "अगदी आमच्याकडच्यासारखं," म्हणाली आणि टोपली घेऊन सुटली. ती परत आली तेव्हा टोपलीत वर गुळाचं पाकीट होतं. पाकिटावर फेटा बांधलेला म्हातारा काहिलीपाशी उभा, खाली लिहिलेलं, रसायनमुक्त. आतला गूळ दिसायला पाकिटाला खिडकी ठेवली होती. आत पिवळाधमक गूळ! तुमच्या लेकीला तो ओळखायला चष्मा लागत नाही, आण्णा.

काउंटरवर मालक होता, चाळिशीचा, खादीचा कुडता घातलेला. मी पाकीट त्याच्यापुढं आपटलं आणि म्हटलं, "ह्यात पावडर हाय." तो आधी इकडंतिकडं बघायला लागला. मग मी इथलीच आहे हे बोलण्यावरनं कळल्यावर एकदम सैल झाला. हसून, आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमी आपल्याच म्हणून सांगतो. काळा ठिवला तर गिऱ्हाईक हात लावत न्हाई. दिसाय पायजे की! आमच्या घरात ह्यातला खडा येत न्हाई. घरला गावाकडनं काळा येतोय, दोन पोरं हायत माझी ल्हान. तुमास्नी पायजे असंल तर त्यातला दीन. ह्या बाईस्नी काय कळतंय?" ती बाई माझ्या शेजारी उभी राहून त्याच्याकडं बघून गोड हसत होती. त्याला वाटत होतं, तो माझ्यावर उपकार करतोय. तुमचंच वाक्य होतं ते. फक्त कुडता इस्त्रीचा होता आणि समोर आमटी-भाकरी नव्हती.

त्या लव्हेंडरच्या वासात नाकाला तीच जुनी पावडर झोंबली. मी आयुष्यात वर्गात ओरडले नसेन एवढी तिथं ओरडले. "तुझी पोरं ती पोरं, आणि हिची काय दगडं हायत व्हय रे?" लोक वळून बघायला लागले. तो म्हणाला, "आवाज खाली घ्या, मॅडम." मी टोपली तिथंच ठेवून बाईला हाताला धरून बाहेर काढलं.

बाहेर फुटपाथवर रिक्षावाले बघत असताना मी तिला सगळं सांगितलं. पावडरीचं सांगितलं, तुम्ही काहिलीत ती मुठीनं टाकायचात ते सांगितलं. पहिल्या दिवशी तुझ्या पोरीला जर्दाळूंनी नाही, माझ्या गुळानं धाप लागली, हेही सांगितलं. मला वाटलं, आता ही मुस्काटात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार? तुम्ही घरात जे खाता तेच आम्हाला दिलंत. कुणी याहून जास्त काय देणार?"

मी मान हलवली. हो म्हटलं.

आण्णा, माझ्या स्वयंपाकघरात गुळाचे दोन डबे आहेत. एकात दादा दरवर्षी पाठवतो तो बिनपावडरीचा काळा गूळ, तो आम्ही खातो, नातवंडांना तोच देतो. दुसऱ्यात पेठेतून आणलेला पिवळा. तो पाहुण्यांसाठी, बशीत बरा दिसतो म्हणून. त्या दिवशी दोन्ही डबे शेजारी शेजारी होते आणि माझा हात विचार न करता पिवळ्यावर गेला.

हे पत्र टाकायला तुमचा काही पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचून "त्यात काय झालं?" एवढंच म्हणाला असतात. वरच्या मजल्यावर ती आत्ता पोरीला जर्मनमध्ये काहीतरी वाचून दाखवतेय, मला इथवर ऐकू येतंय. हे दोन डब्यांचं तिला सांगायला चौदा पायऱ्या चढायच्यात. त्या सोडून मी सकाळपासून मेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसलेय.