खरखर वाढली आणि तुमचा आवाज चढला

पप्पा,

'प्रिय' लिहिलं नाही. मला मोजून लिहायची सवय आहे.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं, तुमच्या आठवणीत सगळे बोलले. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले तुमचे सोबती आले होते. "मशीननं कान खाल्ले, पण माणूस लाखात एक!" मग आई बोलली, त्या फाटक्या आवाजात: "आयसीयूत सिस्टर म्हणाल्या, मावशी हळू बोला. मी हळूच म्हटलं, जाऊ नका हो. डोळे उघडे होते त्यांचे, पण ऐकूच गेलं नाही. ओरडायला हवं होतं मी."

म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी श्रवणयंत्र बसवायला मी तुम्हाला माझ्या क्लिनिकमध्ये आणलं होतं, आठवतंय? बीप ऐकू आला की बोट वर करायचं. तोच आवाज तीनदा, आणि तीन वेगळी उत्तरं! मला शंका आली. मग तुम्हाला हेडफोन लावले, हातात पेपर दिला आणि खुणेनं सांगितलं, मोठ्यानं वाचा.

स्वतःचा आवाज गोंगाटात बुडाला की घसा आपोआप जोर लावतो; माणसाला विचारत नाही. ज्याला गोंगाटच ऐकू येत नाही, त्याचा आवाज चढत नाही.

मी हेडफोनमधली खरखर वाढवत गेले. तिसऱ्या ओळीला तुम्ही ओरडत होतात. रिसेप्शनवरची मुलगी डोकावली, "सगळं ठीक आहे ना, मॅडम?" खरखर बंद केली, तुमचा आवाज लगेच खाली आला. किती प्रामाणिक घसा! मालकाला न शोभणारा.

माझा चेहरा बघून तुम्ही अगदी बेताच्या आवाजात म्हणालात, "आईला सांगू नको. एकदा उत्तर दिलं की ती थांबत नाही गं."

मशीननं थोडं नेलं होतं, मान्य. बाकीचा बहिरेपणा ही तुमची स्वतःची कारागिरी. भाजी कोणती आणू, डबा कुठे ठेवलात, बरं वाटतंय का? ती ओरडत राहिली, तुम्ही भिंत बघत राहिलात. तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. लाज नाही वाटली?

आणि मी दोन वर्षं गप्प बसले. तुमचीच मुलगी शोभते.

आज सकाळी ती तुमच्या फोटोसमोर ओरडून विचारत होती, "चहा घेता का?" शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

शब्द देते, आज संध्याकाळी आईला सगळं सांगेन. तुम्ही ढोंग केलंत, हे. आणि तिचं 'जाऊ नका हो' तुम्हाला ऐकू गेलं होतं, हेही. खालच्या आवाजात सांगेन. तिचे कान उत्तम आहेत. मी तपासलेत.

प्रज्ञा