चाखल्याशिवाय

१४ ऑक्टोबर

डुक्कर. पहिल्याच दिवशी डुक्कर!

मालकीणबाईंनी फ्रीज उघडला, पिशवी ओट्यावर आपटली. "हे बोटाएवढं चिरायचं. आमाला रोज लागतं." परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईंना मी तीनदा सांगितलं होतं, मी मुसलमान आहे म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, "तू खाऊ नकोस गं. हात लावायला काय होतंय?" कराराखाली सहीही माझीच आहे.

हातमोजे मागून घेतले. एकावर एक दोन घातले. चिरलं. थंडगार, मऊ, साय धरल्यासारखी चरबी.

आमा – इथे आजीला असंच म्हणतात – चाकांच्या खुर्चीतून बघत होती. उजवी बाजू लुळी आहे तिची. इथे लुकांगच्या देवळामागे चाळीस वर्षं खाण्याची गाडी चालवली म्हणे – भातावर डुकराचा रस्सा. लांबून लोक यायचे. आता मुलगा-सून, म्हणजे माझे मालक-मालकीणबाई, तैचुंग शहरात, आणि इथे आमा आणि मी.

नुसती माझ्या सुरीकडे बघत राहिली.

१७ ऑक्टोबर

चार दिवस भात आणि मीठ. भातही कसला – बोटांना चिकटून बसतो. कोबी नुसता उकडलेला. मासा गोड! सॉसेज गोड!! आईचा फोन आला. म्हटलं, पोटभर जेवते.

१९ ऑक्टोबर

रस्सा बिघडला. रविवार – मालक आणि मालकीणबाई जेवायला आले होते. मालकांनी एक घास घेतला आणि वाटी लांब सरकवली. "सोयाची बाटली तोंडाला लावल्यासारखं वाटतंय."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "चाखून का नाही बघितलंस?"

म्हटलं, मला चालत नाही.

"अगं, जिभेच्या टोकाला लाव आणि थुंकून टाक. इथे कोण बघतंय तुझ्याकडे?"

कोण बघतंय ते मला ठाऊक आहे.

२३ ऑक्टोबर

आज आमाने मला शिकवायला घेतलं. आपण होऊन!

मी चरबी कढईत टाकली, तेवढ्यात मागून खुर्चीचा दांडा ठोकला तिने. "कान लाव," म्हणाली. मला आधी कळलंच नाही. तिची निम्मी भाषा मला येत नाही आणि उरलेली निम्मी तिच्या वाकड्या तोंडातून नीट बाहेर पडत नाही. शेवटी तिने स्वतःचा कान धरून ओढला. तेव्हा ऐकलं. चरबी आधी तडतडते, मग कुरकुरते, मग एकदम शांत होते. शांत झाली की कांदा. लाल छोटा कांदा, आमच्या गावात मिळतो तसलाच. तो करपायच्या आधी काढायचा – तेही नाकाने ओळखायचं. मग सोया, खडीसाखर, तांदळाची दारू. (दारूही! काय काय करते आहे मी.)

मग चमचा तिच्या तोंडाशी धरायचा. डाव्या हाताचं एक बोट वर – साखर. दोन बोटं – सोया. मूठ – पुरे.

"आंधळीने चित्र काढावं तसा स्वयंपाक गं तुझा, विजी," म्हणाली आणि हसली. हसताना लाळ गळली. मी पुसली. पुन्हा हसली.

२ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी माझ्या कढईत डुक्कर तळलं. माझी छोटी कढई, वरच्या फळीवर वेगळी ठेवलेली. "धुतली की झालं!" म्हणाल्या.

नाही होत. मागच्या दारी कुंडीतली माती घेतली आणि घासायला बसले. एकदा मातीने, सहा वेळा पाण्याने. आई असंच करायची, कोंबड्यांच्या भांड्याला कुत्रा तोंड लावून गेला की. मालकीणबाई दारात येऊन बघतच राहिल्या. "अहो, या ना इकडे! ही कढईला माती फासतेय! वेड लागलं की काय हिला!"

मालक आलेच नाहीत. आमा आतून ओरडली, "घासू दे तिला! भांडं आहे तिचं!" एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

१९ नोव्हेंबर

मूठ! पहिल्याच चमच्याला मूठ!

३० नोव्हेंबर

रविवारी मालकांनी दोनदा भात घेतला. माझं नाव काढलं नाही. आईकडे बघून म्हणाले, "तुझ्या हाताला पुन्हा चव आली, आई." आमा म्हणाली, "हात कुठेत माझे? हात हिचे. जीभ माझी." मालकीणबाई मोबाइलमध्ये बघत होत्या.

२ डिसेंबर

लास्त्रीने तिच्या खोलीच्या गॅलरीतल्या मिरच्या आणून दिल्या. आमच्याच जिल्ह्यातली, पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांना सांभाळते. मिरच्या, टोमॅटो, कोळंबीची सुकी चटणी कुटून परतली. घरभर ठसका. खिडक्या उघडल्या. सात आठवड्यांनी तोंडाला चव आली. डोळ्यांतून पाणी – मिरचीचंच, असं स्वतःला सांगितलं.

आमा म्हणाली, "मला."

नको म्हटलं. "तुला नाही झेपायचं."

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात घातलं मी. मला शिकवतेस?"

टोफूवर तांदळाएवढी लावून दिली. डोळे गच्च मिटले तिने. मग उघडले. "हं! जिवंत आहे अजून." पुन्हा मागितली, पुन्हा दिली. तिसऱ्यांदा ठसका लागला तो थांबेचना. पाठ चोळली, पाणी दिलं, त्या पाण्यानेही ठसका. ओठ निळे पडले क्षणभर. मग थांबला.

५ डिसेंबर

ताप. छातीत घरघर. अँब्युलन्स.

मालकीणबाई हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये – "काय खायला घातलंस?"

"रस्सा-भात. नेहमीचाच."

खोटं बोलले.

८ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस अन्न थोडं थोडं फुप्फुसात जात होतं, गिळण्याची ताकदच गेली आहे. बरेच दिवस. म्हणजे मिरचीने नाही? की मिरचीनेही? हे विचारायचं कुणाला?

१२ डिसेंबर

घरी आणलं. नाकातून नळी. गालावर चिकटपट्टी. दुधाच्या पावडरचे डबे खोलीत रचून ठेवलेत. दिवसातून सहा वेळा – पाणी कोमट करायचं, पावडर ढवळायची, सिरिंजने ओतायची. वर धरायचं, आपोआप उतरतं. तोंडाशी काही संबंधच नाही.

डावा हात चालतो तिचा, म्हणून तो बांधायचा. जाड हातमोजा, त्याला नाडी, नाडी पलंगाच्या दांड्याला. नर्सने दाखवलं. "गाठ घट्ट. यांनी नळी ओढली तर जबाबदारी तुझी."

२८ डिसेंबर

मालकीणबाईंनी सोयाच्या बाटल्या घरी नेल्या. "इथे आता लागणार कुणाला?"

६ जानेवारी

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा लास्त्री भेटली. पिशवी फेकता फेकता म्हणाली, "नशीबवान आहेस! डुकराला हात लावणं सुटलं ना? रडायचीस त्यासाठी."

खरंच रडायचे.

"तुझ्या आजोबांना किती दिवस झाले नळीला?"

"दिवस कसले? सहा वर्षं झाली की!"

१६ फेब्रुवारी

उद्या इथलं नवीन वर्ष. आज सगळं घर आलं, बारा माणसं. मालकांनीच फोन करून सांगितलं होतं – आईचा रस्सा हवा. एवढ्या दिवसांनी केला. चरबी शांत होईपर्यंत कान लावून बसले. सांगायला कुणी नव्हतं, ना बोट, ना मूठ. अंदाजाने उतरवला.

मालकांनी घास घेतला आणि जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "तीच चव," म्हणाले. सगळे वाहवा करायला लागले. कशी चव, मला काय ठाऊक!

शेजारच्या खोलीतून आवाज यायला लागला. धप. धप. आमा बांधलेला हात दांड्यावर आपटत होती. वास पोचला होता. मालक उठले. मला वाटलं, आत जातील. त्यांनी दार ओढून घेतलं. "वासाने त्रास होतो तिला."

धप. धप. बराच वेळ चाललं होतं. मग थांबलं.

२० फेब्रुवारी

दुसरा रोजा. दिवसभर काही नाही पोटात, आणि हाताने तिला दूध. माझा मावळतीला सुटतो.

२ मार्च

आज आमा बोलली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. घशात नळी, त्यामुळे आवाज फाटका.

"भूक."

म्हटलं, "आमा, आत्ताच दूध दिलं की."

मान हलवली. ओठ हलले. मी कान अगदी जवळ नेला.

"तोंडाला."

मालकांना फोन केला. दिवसातून थोडा वेळ हात सोडू का? चमचाभर पातळ काही देऊन बघू का? "आणि छातीत गेलं तर?" ते म्हणाले. "गेल्या वेळी मरता मरता वाचली. तू काळजी घ्यायला आहेस की मारायला?" मग आवाज उतरला. "मी मुलगा आहे तिचा. उपाशी कसं ठेवू?"

माझ्या तोंडावर आलं होतं – मिरचीचं. सांगितलं नाही. सांगितलं तर घरी पाठवतील, आणि इथे दुसरी कुणीतरी येऊन गाठ बांधेल.

५ मार्च

गाठ बांधताना ती माझ्याकडे बघत नाही. मीही नाही.

८ मार्च

आमाची नळी निघाली. मी समोरच बसले होते.

मालक अकराला आले. एकटेच. आमा डोळे मिटून, गालावर चिकटपट्टीचा लाल वण. ते माझ्यावर धावून आले. "गाठ सैल होती का?"

"नाही."

"मग?"

"बांधलीच नव्हती. आणि डिसेंबरात मिरची मी दिली होती."

त्यांनी दांड्याला लोंबणारी नाडी धरून बघितली. मी नर्सला लावायला फोन उचलला. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला. पलंगाच्या कडेला बसले. आमाचा मोकळा हात हातात घेतला.

"भात पातळ कर," म्हणाले. "अगदी पातळ."