गोपीचंदरावांस, खिडकीविषयी

वाशीम,
रविवार, जेवणानंतर

प्रिय गोपीचंदराव,

साष्टांग नमस्कार घालण्याची फार इच्छा होती, पण कंबर नको म्हणते, म्हणून तो उभ्यानेच घ्यावा. (कंबर नको का म्हणते, ते पुढे येईल.) तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसणारी ती मंडळी, जी बियाणं कधी घेत नाहीत पण बियाण्याबद्दल सगळं सांगतात, ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोन सोडून या माणसाला पत्र कुठून सुचलं, असं तुम्ही वहिनींना विचाराल. कारण तुमचा फोनच आहे. तो कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला मूळव्याधीचं औषध विचारलं, तर पुढच्या खेपेला जऊळक्याच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या एका अनोळखी गृहस्थाने मला रोज ताक प्यायला सांगितलं. तेव्हापासून खाजगी गोष्टी मी कागदावरच बोलतो.

तुमच्या बहिणीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या निकिताच्या बाळंतपणाला म्हणून वैजयंती पुण्याला गेली, ती तीन महिन्यांच्या बोलीवर. आता नात चालायला लागली, बोलायलाही लागली. परवा व्हिडिओवर तिने मला ओळखलं आणि 'काका' म्हणाली. (फोन तिच्याच हातात असतो, त्यामुळे मला बहुतेक वेळ पुण्याचा पंखा दिसतो. पंखा चांगला आहे.) माझी नोकरीची दोन वर्षं शिल्लक, म्हणून मी इथे. माझं उत्तम चाललं आहे. कुकरमध्ये एका माणसाचा भात लावला तर तो खाली लागतो आणि दोघांचा लावला तर दोन दिवस पुरतो, एवढी एक अडचण सोडली तर काही म्हणण्यासारखं नाही. पण पुण्यात वैजयंतीच्या शिंका थांबल्या आहेत. हे ती इतक्या आनंदाने सांगते की मलाही आनंद व्हायला हवा. तुम्ही जाणताच, आमच्या गल्लीतून मार्केट यार्डाकडे सोयाबीनचे ट्रॅक्टर जातात, आणि हंगामात अर्ध्या तालुक्याचा भुसा आमच्या त्या खोलीच्या खिडकीतून आत येऊन तिच्या नाकात बसतो. दिवाळीला येतेस का, असं मी सहज विचारलं. (सहज म्हणजे आठवडाभर तयारी करून.) तर म्हणाली, "त्या खोलीत मी झोपाची नाई आता. पह्यले ते खिडकी बदला, मंग पाहू." त्या 'मंग पाहू'वर मी खिडकी बदलायला घेतली. खिडकी बसली की शिंका नाहीत आणि शिंका नाहीत म्हणजे कारण नाही, असं माझं गणित होतं. शाळेत गणितात माझे काय हाल होते, हे आमच्या लग्नाच्या बैठकीत कोणी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्री का नाही बोलावला. बोलावला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. त्याचा तो उद्या अजून वाशीमच्या हद्दीत शिरलेला नाही. शेवटी मी मोबाइलवर पाहिलं. एक परदेशी गृहस्थ कानाला पेन्सिल खोचून, मागे गाणं वाजत असताना, चहा थंड व्हायच्या आत प्लास्टिकची खिडकी बसवतो. त्याची भिंत लाकडाची होती, माझी विटामातीची. त्याची बायको दाराशी सरबत घेऊन उभी होती, माझी पुण्याला. हे फरक त्या वेळी बारीक वाटले. मग मी माप घेतलं. पोलादी टेप सापडेना, म्हणून तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनच्या खणातला कापडी टेप घेतला. त्याने तिने तीस वर्षं गल्लीतल्या बायकांची मापं घेतली आहेत आणि त्या बायका श्वास रोखून उभ्या राहत असल्यामुळे तो टेप ओढून ओढून सैल झालेला आहे, हे मला अकोल्याच्या दुकानातून मागवलेली खिडकी आल्यावर समजलं. खिडकी भोकापेक्षा चांगली चार बोटं लहान निघाली. (गल्लीतल्या बायकांना इतकी वर्षं पोलकी घट्ट का होत होती, त्याचाही उलगडा या निमित्ताने झाला. हे त्यांना कळू देऊ नये.)

जुनी चौकट काढायला मी सब्बल, छिन्नी आणि हातोडी एवढीच हत्यारं वापरली. ती चौकट सागवानी, गजासकट, आणि तुमच्या घराण्यासारखी हट्टी. एका बाजूने सैल केली की दुसऱ्या बाजूने बसायची. संध्याकाळी ती एकदम निघाली, तिच्याबरोबर पाऊण घमेलं भिंत निघाली, आणि माझ्या कमरेतलंही काहीतरी निघालं. मग अंधार पडला. भिंतीला बैल मान घालेल एवढं भोक, आणि नवी खिडकी पलीकडे पुठ्ठ्यात उभी. ते भोक बुजवायला मला पुढे बरेच दिवस लागले, कारण ऑफिस सांभाळून भिंत सांभाळणं सोपं नसतं, आणि खरं सांगू का, मी घाईही केली नाही.

त्याचं असं झालं की त्या भोकातून गल्ली घरात राहायला आली. समोरच्या हुस्नाबानो, बांगडीवाल्या जमशेदभाईंच्या घरच्या, तुम्ही त्यांना निकिताच्या लग्नात भेटला होतात, त्या येता जाता थांबायला लागल्या. तुमची बहीण असताना त्या दोघी गच्चीवरून बोलायच्या, मला नुसता सलाम असायचा. आता भोकासमोर उभं राहून बाई म्हणायच्या, "रामभाऊ, भाजी काय केली?" आणि मी सांगितलं की म्हणायच्या, "तिले भाजी म्हनतात का?" आणि भोकातून वाटी आत यायची. जमशेदभाई रोज दुकान बंद करून येऊन भोकाची पाहणी करायचे. त्यांना खिडकीतलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही, पण बांगडी हातात बसवणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट कशातही बसते असा विश्वास असतो. "दबा के बैठाव, भाई. थोडा साबन लगाव," एवढा एकच सल्ला त्यांनी मला शेवटपर्यंत दिला. भाजीवाला थांबायचा, शाळेतल्या मुली भोकातून हात हलवून जायच्या, एक शेळी तर दोन पाय वर ठेवून माझं वर्तमानपत्र वाचत असे. घरात इतकी माणसं तर आम्ही दोघं असतानाही बोलत नव्हती. रोज ऑफिसातून येताना मी लांबूनच पाहायचो, भोकाशी कोणी उभं आहे का.

पण शिंकांचं काय, हा प्रश्न होताच. गेल्या रविवारी मी खिडकी बसवायला घेतली. आता नीट वाचा, कारण इथेच तो घोटाळा आहे. त्या खिडकीखाली, आतल्या बाजूला, तुमच्या बहिणीचा दिवाण आहे. त्याच्या पोटात रजया, पितळेची भांडी आणि तुमच्या आईची पैठणी आहे, आणि किल्ली पुण्याला आहे, त्यामुळे तो चार माणसांशिवाय हलत नाही. वर उभं राहून काम करता आलं असतं. पण ती जाताना त्यावर चादर घालून गेली, कोपरे दाबून, उशीला एक चापटी मारून, ती चादर तशीच आहे. मी तिला हात लावलेला नाही. (धुळीसाठी वरून ताडपत्री टाकली होती, तीही अलगद.) त्या चादरीवर मातीचे पाय घेऊन उभं राहणं मला काही जमेना. तेव्हा मी ठरवलं की सगळं काम बाहेरून, गल्लीत स्टुलावर उभं राहूनच करायचं.

केलं. ओळंबा सोडला, खिडकी उभी केली, चार बोटांच्या फटीत पाचरी ठोकल्या. (पाचरी जुन्या पोळपाटाच्या केल्या. नवा पोळपाट आणून ठेवला आहे. तो जुनाच आहे असं तुम्ही कधी आलात तर शपथेवर सांगायचं.) हातानेच भोकं पाडली, स्क्रू पिळले, तळहाताला फोड आले, राहिलेल्या फटीत विटेचे तुकडे आणि सिमेंट भरलं. सगळी गल्ली मागे उभी होती. जमशेदभाईंनी साबण आणला होता, तो मी लावू दिला नाही, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. शेवटी हँडल फिरवून पल्ला बंद केला तेव्हा तो असा बसला, गोपीचंदराव, की मुंगीने वाट विचारावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमशेदभाईंनी फोटो काढला. पांढरीशुभ्र खिडकी, चकचकीत हँडल आणि स्टुलावर मी. मी हातपाय धुतले, आत गेलो आणि ती पाहायला दिवाणासमोरच्या खुर्चीत बसलो.

आत काहीच ऐकू येत नव्हतं. ट्रॅक्टर गेला, तो दिसला फक्त. हुस्नाबानो काचेपलीकडे हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, त्यांचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. फ्रिजचा आवाज येत होता. तो इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. मी एकदा खाकरून पाहिलं, तर ते खाकरणं भिंतीला लागून माझ्याकडेच परत आलं. धूळ नव्हती, भुसा नव्हता, शिंकेला काही कारण नव्हतं, आणि शिंकायला कोणी नव्हतं. मग म्हटलं, बाई काय म्हणतात ते तरी ऐकू, म्हणून ताडपत्रीवरून वाकून खिडकी उघडायला हात घातला, आणि आत हँडल नाही.

तुम्हाला एव्हाना समजलं असेल. बाहेर उभं राहून खिडकी बसवणारा माणूस हँडल स्वतःच्या बाजूला घेणारच. दार बसवतानाही आपण कडी आपल्याकडेच घेतो, तो माणसाचा स्वभाव आहे. फक्त आपण कुठे उभे आहोत हे पाहायचं असतं. मी गल्लीकडून बसवली, म्हणजे ती गल्लीची खिडकी झाली. घरमालक आत, हँडल बाहेर. मी काचेवर टकटक केली. हुस्नाबानोंना आधी वाटलं मी कौतुक मागतो आहे, त्यांनी मान डोलावली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हँडल फिरवून पल्ला उघडला, सगळी गल्ली आवाजासकट एकदम आत आली, आणि त्या म्हणाल्या, "काहून रामभाऊ, स्वतःलेच कोंडून घेतलं का?"

तेव्हापासून आमच्या घरी वारा पाहिजे असेल तर मी चपला घालतो, दाराने बाहेर जातो, वळसा घालून खिडकी उघडतो आणि परत आत येऊन वाऱ्याची वाट पाहतो. चोरांची सोय फार चांगली झाली आहे. पण त्यांनाही दिवाणाची किल्ली पुण्याहून आणावी लागेल. सकाळी हुस्नाबानो खिडकी उघडतात, "उठले का?" विचारतात, मी "उठलो" म्हणतो, त्या पुन्हा लावून जातात. मी हल्ली जरा आधीच उठून, दाढी करून, खुर्चीत बसलेला असतो. त्यांना वाटतं मी तेव्हाच उठलो.

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा आणि बाकड्यावरच्या मंडळींचं ऐकू नका.

तुमचा (आणि नात्याने तुमच्या बहिणीचा),
रामराव

ता. क. पत्राचं मूळ काम राहिलंच. वैजयंतीला तुम्ही आपण होऊन, माझं नाव न घेता, दुकानात कोणी नसताना (म्हणजे कधी, ते तुम्हीच पाहा) फोन करा आणि दिवाळीला नक्की येते का, ते विचारा. खिडकी बसली, धूळ बंद झाली, एवढं सांगा. हँडलचं सांगू नका. मीच विचारलं असतं, पण तिने पुन्हा 'मंग पाहू' म्हटलं तर आता माझ्याकडे बदलायला दुसरी खिडकी नाही.

ता. क. दुसरा. (सोमवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं, म्हणून त्याचं तोंड असं दिसतं.) अकोल्याच्या दुकानदाराला मी हँडलचं कळवलं होतं, त्याचा फोन आला, म्हणाला माणूस पाठवतो, खिडकी उलटी करून देतो. हे मी हुस्नाबानोंना सांगितलं, तर त्यांनी हँडल धरूनच ठेवलं. मी म्हटलं, काय झालं. म्हणाल्या, "वैजयंतीचा रोज फोन येते मले. तुमी सांगतलं नाई तिले, मी सांगतलं. लय हासली. मंग म्हनते, राहू दे उलटीच. त्याईले हात लावू देऊ नको. रोज सकायी एक डाव उघडून त्याईले पाहत जाय." ती कधी येणार, हे मी त्यांना विचारणार होतो. विचारलं नाही. दिवाळीला येणारं माणूस दुसऱ्याला रोज खिडकी उघडून पाहायला सांगत नाही, एवढं गणित मलाही येतं. तेव्हा वरच्या ता. क.मधलं काम करू नका. तिला काही विचारू नका. तिला शिंका नाहीत, हे चांगलंच आहे.

ता. क. तिसरा. अकोल्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं आहे.

ता. क. शेवटचा. सणाला दुकान बंद ठेवणार असाल तर वहिनींना घेऊन या. भात दोघांचा लावला तर उरतो, तिघांचा लावला तर बरोबर होतो, असं ऐकून आहे. जऊळक्याहून सकाळच्याच गाडीने निघा. दार वाजवत बसू नका, गल्लीतून या. मी आतच असेन, आणि हँडल तुमच्या बाजूला आहे.