भांड्याच्या तळाचा भात

॥ श्री ॥
कुंभकोणम्, १४ जून २०२४

चि. सौ. गोदेस कृष्णवेणी अक्काचे अ. उ. आ.

फोन सोडून पत्र कां, म्हणशील. दोन खोल्यांचं घर. फोनवर बोललं की माझी नणंद सुब्बू ऐकते, आणि गाऱ्हाणं तिचंच आहे. मराठी लिहिणं अप्पांनी शिकवलं तेवढंच, शाळा तमिळ नि तीही पाचवीपर्यंत. चुका दिसल्या तर गिळून टाक.

सुब्बलक्ष्मीला काय जाहलं आहे कळत नाही. आळस, दुसरं काय. वय बेचाळीस. तिरुभुवनमच्या विणकरांच्या सोसायटीत रेशमी पट्टुसाड्या तपासून घड्या घालते, नांगर धरीत नाही. संध्याकाळी बसमधून उतरते ती भिंतीला हात लावीत घरी येते. चार पायऱ्या चढली की धाप. रविवारी कपडे वाळत घालता घालता दगडावर बसूनच झोपली. मी म्हटलं, नवरा नाही, लेकरू नाही, तुला कसला शीण? ती काही बोलली नाही. कधीच बोलत नाही, त्याचाच मला राग.

खाण्याची आबाळ म्हणशील, तर नाही. सासूबाईंचा नियम चालू आहे, पळी जिच्या हाती तिनं शेवटी जेवायचं. अकरा वर्षं मी धरली. त्या गेल्या नि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती सुब्बूच्या हाती दिली. नऊ वर्षं जाहली. हे आणि आमचे चिरंजीव प्रद्युम्न जेवतात, मग मी, मग ती. तिचा डबा मीच बांधते, दहीभात, दोन मिनिटांत होतो. मधे ती कुठूनसा लाल तांदूळ घेऊन आली, म्हणे याने अंगात जोर राहतो. मी सांगितलं, मजुरांचा भात या घरात शिजत नाही. मग शेवग्याचा पाला मागायला लागली. परसातला शेवगा मी केव्हाच तोडवला, सुरवंट फार होत. हे काय हॉटेल आहे?

तूच सांग काय करू. मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा तुझा लोभ पुण्याच्या पावसात भिजू देऊ नको.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
पुणे, २६ जून २०२४

ति. कृष्णवेणी अक्कास गोदेचा सा. न. वि. वि.

तुझं ‘जाहलं’ वाचून आमच्या सासूबाईंना पेशवाईतून टपाल आल्यासारखं वाटलं. दोनदा वाचायला लावलं मला. त्यांनी मुद्दाम नमस्कार सांगितला आहे.

आता खरं सांगते, रागावू नकोस. माझी धाकटी पोटात होती तेव्हा मीही अशीच बसल्या जागी पेंगायचे. सगळे आळशी म्हणाले. रक्त तपासलं तर कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि वर खाणं सुधारायला सांगितलं. पांढरा भात नि कॉफी यांवर दिवस काढायचा नाही. नाचणी, बाजरी, अख्खे मूग, पालेभाजी, वर लिंबू. दोन-तीन महिन्यांत जिना चढून वर आले तरी बोलत राहायचे, ह्यांना तोच त्रास झाला.

सुब्बूने जे मागितलं ते हॉटेलातलं नव्हतं अक्का. आणि ती शेवटी जेवते एवढं तू लिहिलंस, तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं ते लिहिलं नाहीस. एकदा बघ. आणि तिचं रक्त तपासून घे, या आठवड्यातच.

धाकट्या बहिणीचा आगाऊपणा पोटात घाल आणि माया होती तितकीच ठेव.

तुझी,
गोदा

॥ श्री ॥
कुंभकोणम्, २० ऑगस्ट २०२४

चि. सौ. गोदेस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला राग आला. ट्रंकेत टाकून दिलं. या आठवड्यात म्हणून लिहिलं होतंस, मी सहा आठवडे काही केलं नाही. तेवढं आधी लिहून टाकते.

नऊ तारखेला सुब्बू सोसायटीत घडी घालता घालता पडली. शेजारी काम करणाऱ्या गोमतीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त साडेसहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी काय खातेस. सुब्बू म्हणाली, घरी सगळं असतं, वहिनी डबा भरून देते. हे मला गोमतीने सांगितलं, माझ्या तोंडाकडे बघत. सुब्बू खोटं बोलली नाही. भरूनच देत होते.

त्या रात्री आमची तिघांची जेवणं झाल्यावर मी भांड्यात पळी घालून पाहिलं. सांबारातल्या फोडी ह्यांच्या नि प्रद्युम्नच्या ताटात गेल्या. डाळ माझ्या. कीरैची पालेभाजी केली होती, ती मला आवडते म्हणून मी दोनदा घेतली होती. खाली भात, आणि साराचं पाणी. रोज तेच उरत असणार. अकरा वर्षं मी तेच खाल्लं होतं गोदे, मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं. आपली पाळी संपली एवढाच आनंद होता.

दवाखान्यातून सुब्बू गोमतीबरोबर तिच्या इन्नंबूर गावी, गोमतीच्या आईकडे गेली, आठ दिवसांसाठी. परवा कपडे न्यायला आली, म्हणाली तिथेच राहीन, तिथून कामाला जाईन. मला रडू येत होतं आणि तोंडातून निघालं, जा, खा मजुरांचा भात. हे तिथेच उभे होते. ते तिचे सख्खे भाऊ, त्यांनी पेपर उघडला.

तिने वाकून नमस्कार केला नि गेली.

माझ्यावर लोभ कर असं या खेपेला सांगवत नाही.

अक्का

॥ श्री ॥
पुणे, २ सप्टेंबर २०२४

ति. अक्कास सा. न. वि. वि.

तू स्वतः जा. भावजींना पाठवू नकोस, मिठाई नेऊ नकोस. चुकलं म्हणता येत नसेल तर निदान तिथे जाऊन गप्प बस, तेवढंही तू कधी केलेलं नाहीस. सासूबाई तुझ्या पत्राची वाट बघतात, मीही.

लोभ तू मागितला नाहीस तरी पाठवते आहे.

गोदा

॥ श्री ॥
कुंभकोणम्, २० जानेवारी २०२५

चि. सौ. गोदेस अ. उ. आ.

आता घरात फोन ऐकणारं कोणी नाही. तरी पत्रच लिहिते.

पळी परत माझ्या हाती आली. मागचे महिने मीच शेवटी जेवते. हे नि प्रद्युम्न मागतात तसं वाढत गेले की खाली काय राहतं ते तुला माहीत आहे. मार्गळी महिन्यात एकदा दुपारी तीनला तांदूळ निवडता निवडता डोळा लागला, सूप मांडीवरून सांडलं. ह्यांनी पाहिलं. म्हणाले, तुला कसला शीण? माझेच शब्द. मी उत्तर दिलं नाही, आणि सुब्बू कां गप्प राहत असे ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं. त्या रात्रीपासून कोशिंबीर, भाजी, डाळ आधी चार वाट्यांत काढून ठेवते. चौथी कुणाची, प्रद्युम्नने विचारलं. सवयीने काढते म्हटलं.

काल रविवारी इन्नंबूरला गेले. हिय्या व्हायला इतके दिवस लागले. सुब्बू शेताच्या बांधावरून येत होती, कडेवर पाण्याची घागर. मला पाहून थांबली नाही, उलट भरभर आली. धाप नाही. गाल भरले आहेत. मला म्हणाली, वहिनी किती वाळलात.

केळीचं पान मांडलं. लाल तांदळाचा भात, नव्या पिकाचा. शेवग्याचा पाला डाळ घालून, कुळथाचं सार, ताक. तांदूळ चावावा लागतो, पटपट गिळता येत नाही. पळी तिच्याच हातात होती. बसमध्ये मी सगळं ठरवून गेले होते, तिला म्हणायचं, आज आधी तू बस, मी वाढते, मग घरी चल. पळी घ्यायला हात पुढे केला नि म्हटलं, तू बस.

ती हसली. टोमणा नव्हता गं त्यात. म्हणाली, माझं मघाशीच जेवण झालं वहिनी, इथे ज्याला भूक लागते तो जेवतो.

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या आधी जेवली होती. घरी चल, हे मग मी म्हटलंच नाही. पानावरचं सगळं खाल्लं, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, कारण ती वाढताना बरं वाटत होतं. निघताना गोमतीच्या आईकडून शेवग्याची हातभर फांदी मागून आणली. परसात जुन्या जागीच लावली आहे. जगली तर तोडण्याजोगा पाला यायला वर्ष लागेल. तोवर सुब्बूला काय सांगून बोलवू ते सुचलं तर कळव.

सासूबाईंना नमस्कार. लोभ ठेव, आणि वेळेवर जेव.

तुझी,
अक्का