निगेटिव्हवरच्या फुल्या

विनायक,

सकाळच्या पॅसेंजरनं मी नागपूरला जात आहे. वरण झाकून ठेवलं आहे.

आईचा फोटो मोठा करायला तू दिलेली निगेटिव्ह स्टुडिओवाल्यानं काल परत केली. कोणाला वगळायचं ते त्याला कळावं म्हणून तू निगेटिव्हवरच बॉलपेननं फुल्या मारल्यास. रेघा कोरल्या गेल्या आणि एक आईच्या गालावरून गेली. ती आता निघत नाही. सोमवारी वर्षश्राद्ध आहे, आणि आईचा दुसरा फोटो नाही.

माझ्या चौथीच्या मुलांना एकदा सांगितलं की समजतं, म्हणून तुलाही सांगते. निगेटिव्ह फक्त कडेनं धरायची. छापलेल्या फोटोवर पातळ कागद ठेवून हवा तेवढा भाग पेन्सिलीनं हलकेच आखून द्यायचा. विचारलं असतंस तर मी शेजारी बसून दाखवलं असतं.

काल तू म्हणालास, "चुकून गेली वं ताई रेघ, कायले एवढी चिडून राहिली?" गालावरची रेघ चुकून गेली, हे मान्य. पण फोटोत आईजवळ मी आणि माझ्या वर्गातली सहा मुलं उभी आहोत. मुलांवर तू एकेकच फुली मारलीस. माझ्यावरची दोनदा गिरवलीस.

याच फोटोची एक लहान प्रत माझ्याकडे आहे; तिच्यावरून नवी निगेटिव्ह होते का, ते नागपुरात विचारते. झाली तर तो फोटो माझ्या खोलीत लागेल, आम्हा सगळ्यांसकट. फोटोसाठी बैठकीत ठोकलेल्या खिळ्यावर तू कॅलेंडर लाव.

नलिनी