उरलेली हळद

रोहिणी,

आशीर्वाद लिहीत न्हाई. हळदीच्या अंगानं तू १०९८ ला, त्या पोरांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावलास, गाडी आली आन् तुला बीडच्या बालगृहात घेऊन गेली. तू सुटलीस. मागं काय झालं ते ऐक.

नेकनूरचे पाव्हणे नवरीबिगर माघारी जायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तुझ्या बापानं धाकट्या दुर्गाला मळ्यात गुपचूप बोहल्यावर उभं केलं. तेरा वर्साची पोर. तुझा शालू लांब पडत व्हता, मी दोनदा दुमडून पिना लावल्या. तुझ्यासाठी आलेली उष्टी हळद वाटीत उरलती, तीच तिला लावली. ती म्हणली, "आई, ही तर ताईची हाय. मला कावून?"

परवा तुझ्या बालगृहाच्या मॅडम घर बघायला आलत्या. लई गोड बाई. "घरात अठराच्या आतली अजून मुलगी आहे का?" म्हणल्या. मी म्हणलं, "न्हाई." खोटं न्हाई बोलले. दुर्गा नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेलती.

तिथं पत्रं आधी मॅडम वाचतात, म्हणून हे पिठाच्या डब्यात ठेवते. पण फोनवर तोंड उघडलंच व्हतंस, तर दोघींची नावं सांगायला काय झालतं?

तुमची दोघींची आई,
सुनिता