शेरडानं सोडलेली गाठ

सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९३२

तीर्थरूप मायाप्पाकाकांच्या पायांवर कस्तुराचं डोकं.

मी इथे खुशाल आहे. काकू आणि मेंढरं बरी असतील. हे पत्र धोंडीराम मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. मास्तर, कृपा करून काकांना एकट्यालाच बाजूला घेऊन वाचा.

मला दवाखान्यात कामाला लागून दीड वर्ष झालं. आमच्या खात्यात हाडांचे फोटो काढतात. कातडीला धक्का न लावता आतलं हाड काचेवर उमटतं. डॉक्टरसाहेब गावोगावच्या लंगडणाऱ्या माणसांचे खुबे आणि गुडघे असे पाहतात, कोणाचा सांधा कशानं बिघडला ते ताडून बघतात. काचांवर नावं घालणं, वहीत नोंद करणं हे माझं काम. त्रेसष्ट काचा झाल्या. प्रत्येक नाव मी दोनदा तपासते, तरी घरी आल्यावर वाटतं, चुकलं तर नसेल?

साहेब वरचेवर म्हणत, "कस्तुराबाई, लंगडणाऱ्यांची यादी तुम्ही करता आणि तुम्हीच तीत नाही!" मी काहीतरी सबब सांगे. गेल्या महिन्यात सबबी संपल्या.

काका, फोटो निघाला. मांडीचं हाड मोडलं होतं तिथे उसाच्या पेरासारखी किंचित जाड खूण आहे. बाकी हाड सरळ. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या इस्पितळात बसवलं?" मी म्हटलं, "माझे चुलते मेंढरांचे पाय बसवायचे. त्यांनी बांबूच्या कांब्या बांधून बसवलं." साहेबांनी काच पुन्हा उजेडाला धरली. म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार कळवा." तो कळवते.

लंगडेपण खुब्यात आहे. खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ, हाडाचं डोकं तीत कधी नीट बसलंच नाही. त्याच आठवड्यात आई आली होती, तिला विचारलं. म्हणाली, "व्हय की, पडायच्या आदीबी तू डुलतच चालायचीस. लाडाची चाल म्हणून आमी हसायचो."

म्हणजे तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. इथेच सही करावी असं वाटतं. तीन आठवडे पत्र इथेच अडतंय.

पडून मांडी मोडली तेव्हा चार वर्षांची होते मी. कांब्या बांधून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "खाजलं तरी सोडू नगंस, पोरी. हाड झोपलंय, त्याला उठवू नगं." आठव्या दिवशी मी गाठ सोडली. तुम्ही आलात, पाहिलंत. "कुणी सोडली गं?"

"शेरडानं वडली."

"शेरडाला गाठ सुटती व्हय? लई हुशार शेरडू!" हसलात आणि पुन्हा बांधलीत.

पुढे मी दहा वर्षांची असताना लंगडते म्हणून माझी सोयरीक मोडली. बाबांनी बिरोबाच्या देवळात चारचौघांत तुम्हाला म्हटलं, "माजी पोर तूच अधू केलीस." तुम्ही भंडारा उचलून शपथ घेतलीत, पुन्हा हाडाला हात लावणार नाही. पोरीनंच गाठ सोडली होती, एवढं म्हणाला असता तर पुरे होतं. म्हणाला नाहीत. मी खांबाआड उभी होते. मीही बोलले नाही. त्या दिवसापासून बाबा आणि तुम्ही एका गावात राहून बोलत नाही.

मला वाटायचं, पाय मीच घालवला. काचेवर ते दिसेल म्हणून भीत होते. आता काचेनं दोघांनाही सोडवलं. पण मी काचेच्या आधी बोलायला हवं होतं, ते राहिलंच.

काका, तुम्ही जोडलेल्या पायावर मी दिवसभर उभी असते. डुलते, पण मांडी कधी दुखत नाही. वहीत माझ्या नावापुढे लिहिलंय: हाड बसवणारे, मायाप्पा, मेंढपाळ. तेवढं एकच नाव मी पुन्हा तपासलं नाही.

मास्तर, एकट्याला वाचा म्हटलं ते मागे घेते. येत्या रविवारी बिरोबाच्या देवळात, बाबांना समोर बसवून, मोठ्यानं वाचा. शेरडाची गोष्ट गाळू नका. शपथेचं काय ते काका आणि देव बघतील.

तुम्ही उभी केलेली आणि खांबाआडून आज बाहेर आलेली,
तुमची पुतणी
कस्तुरा